चार पॉइंट दोन

६ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. एवढ्या दोन पानांत शुद्धलेखनाची एकही चूक नाही, यावरून तब्येत सुधारते आहे असं मी धरून चाललो आहे. मी ठीक आहे. गुडघा ठीक आहे. गॅलरीतली झाडं ठीक आहेत, म्हणजे दोन ठीक आहेत. तिसऱ्याबद्दल तू विचारलं नाहीस तर बरं. फोनवर मी नुसता ‘हं, हं’ करतो म्हणून पत्रच लिहा, असा तुझा हुकूम आहे, तेव्हा बसलो आहे लिहायला. अक्षराला हसू नकोस. आयुष्यभर लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्याहून मोठा मजकूर लिहायची सवय नाही.

मुख्य बातमी अशी की ब्रेडचं मशीन आलं. वॉशिंग मशीनचं पिल्लू दिसतं. झाकणाला काचेची खिडकी आहे आणि आत एक डबा, त्याच्या तळाशी एक छोटं पातं. सगळं सामान डब्यात ओतायचं, बटण दाबायचं. मळणं, फुगवणं, भाजणं सगळं तेच करतं. माणसानं फक्त बाहेर उभं राहून काळजी करायची.

पण त्याआधी मी स्वयंपाकघर धुतलं. तुला लेकीकडून घरी आणायचं तर या घरात गव्हाचा कण राहता कामा नये, असं तिनं फोनवर तीनदा बजावलं. पिठाचा मोठा डबा खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना दिला. चाळणी दिली. ब्रेड कापायची लाकडी फळी दिली, कारण लाकडाच्या भेगांत पीठ बसतं. टोस्टर उलटा करून झटकला तेव्हा त्यातून जे काय पडलं ते बघून तो सरळ कचऱ्यात टाकला. फडताळाच्या कोपऱ्यांत पांढरी धूळ होती, ती जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढली. लॅबमध्ये तीस वर्षं एका नमुन्याचा थेंब दुसऱ्यात जाऊ नये म्हणून जपलं, तोच हात इथे कामी आला. घड्याळजींच्या बायकोनं दारातून पाहिलं आणि म्हणाली, “काका, ऑपरेशन करणार आहात का ओट्यावर?”

मग सामान. मशीनच्या पुस्तिकेत तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, अंडी, तेल, यीस्ट हे सगळं कळलं. पण ‘सायलियम हस्क’ काय ते कळेना. दोन दुकानं पालथी घातली. शेवटी औषधवाला म्हणाला, “काका, हे म्हणजे आपलं इसबगोल. किती दिवसांपासून त्रास आहे?” मी म्हटलं, “त्रास मला नाही, ब्रेडला आहे.” गव्हातलं ग्लूटेन नसलं की पिठाला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, ते काम इसबगोल करतं. माणसाला मोकळं करणारं औषध पिठाला मात्र बांधून ठेवतं, आहे की नाही गंमत?

पहिला ब्रेड फसला. मी नेहमीच्या ब्रेडचं बटण दाबलं. त्यात मशीन एकदा मळतं, फुगू देतं, मग पुन्हा मळून दाबतं. गव्हाच्या पिठाला हे दोनदा मारणं सोसतं. आपल्या पिठाला नाही सोसत. एकदा फुगलेलं मोडलं की ते पुन्हा उठतच नाही. बाहेर निघाला तो वीटच होता, आणि मधोमध असा खड्डा की कपभर चहा राहिला असता. घड्याळजींनी तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, “तुमचं दार वाऱ्यानं आपटतं ना? झाला बंदोबस्त.”

तू पत्रात शेवटी लिहिलं आहेस: ‘डॉक्टर म्हणाले, अकरा वर्षांपूर्वी तपासणी नॉर्मल आली होती म्हणजे तेव्हा आजार नसेल, नंतर झाला असेल. असं होतं म्हणे. म्हणजे तुमचा रिपोर्ट बरोबरच होता. उगाच मनाला लावून घेऊ नका.’

वाचलं.

मशीन पिंपिं करायला लागलं आहे, दुसरा ब्रेड लावला होता, उठतो. लोहाच्या गोळ्या वेळेवर घे. जिना उतरताना कठड्याला धर. लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुझाच

---

१९ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. ब्रेडच्या नादात राहून गेलं.

आतापर्यंत सात झाले. मी वही केली आहे. डाव्या पानावर वजनं, उजव्या पानावर काय झालं ते. तिसरा आतून ओला होता, कारण गरम असतानाच कापला. हा ब्रेड बाहेर आला तरी तास-दीड तास आतल्या आत शिजत असतो, त्याला जाळीवर गार होऊ द्यावं लागतं. माझ्या अधीरपणाचं फळ. चौथा चांगला फुगला पण पातं त्याच्या पोटातच अडकून आलं. पाचव्यात कोपऱ्यात कोरडं पीठ तसंच राहिलं. आपलं पीठ गोळा होत नाही ना, केकच्या मिश्रणासारखं सरबरीत राहतं, म्हणून पहिली पाच मिनिटं झाकण उघडून रबरी चमच्यानं कडा खरवडून द्याव्या लागतात. सहाव्यात पाणी वीस ग्रॅमनं जास्त झालं. सातवा खाण्यासारखा झाला. खरंच झाला. बाहेरून तपकिरी, आतून जरा भरड, पण कापला तर काप उभा राहतो. लोणी लावून दोन काप खाल्ले आणि तुझी आठवण आली. तू सकाळी शाळेत जायच्या आधी ओट्याशी उभ्यानंच ब्रेड खायचीस, एका हातात वह्यांचा गठ्ठा. आणि मग बसस्टॉपवर पोटावर हात दाबून उभी राहायचीस. मला गॅलरीतून दिसायचं.

असो.

तू नव्या तपासणीबद्दल लिहिलं आहेस. डॉक्टरांना कोडं पडलं आहे, की आजार नंतर झाला असेल तर एवढ्या थोड्या वर्षांत हाडं इतकी पोकळ कशी झाली, आणि रक्त इतकं कमी कसं. त्यामुळे सीलियाकच्या, म्हणजे या गव्हाच्या आजाराच्या, जोडीला दुसरं काही आहे का ते बघायला कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज काढणार, चार मार्चला. तू लिहितेस, ‘मला सुईची किती भीती वाटते ते तुम्हाला ठाऊकच आहे. हाडात घालणार म्हणे. लेकीला सांगत नाही, पण रोज त्या तारखेचाच विचार येतो. तुमचं काय मत?’

मी काय मत देणार? मी साधा लॅबवाला. डॉक्टर म्हणतात तर करून घ्यावी. ते भूल देतात त्या जागी, फार दुखत नाही. मन घट्ट कर.

आणि त्यांनी लॅबच्या जुन्या नोंदवहीबद्दल विचारलं आहे, मूळ नोंद बघायला मिळेल का म्हणून. अगं, लॅब बंद होऊन सहा वर्षं झाली. वह्या रद्दीत गेल्या असणार. रिपोर्ट तुझ्याकडे फाइलमध्ये आहेच, तोच दाखव.

इथे थंडी जरा कमी झाली आहे. तिसरं झाड गेलं.

तुझाच

---

२५ फेब्रुवारी

प्रिय,

हे पत्र कुरिअरनं पाठवतो आहे. ते उघडशील तेव्हा लेक जवळ असू दे, आणि बसून वाच.

आधी कामाचं. आज सकाळी मी तुझ्या डॉक्टरांना फोन केला. चार तारखेची सुई ते बहुतेक रद्द करतील. का, ते त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितो आहे.

मी तुझं रक्त तपासलं नव्हतं.

आता सगळं सांगतो, क्रमानं. मधेच काही गाळलं तर ते लबाडीनं गाळलं असंच समज.

अकरा वर्षांपूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली, की गव्हाची तपासणी करून घ्या. तू ती चिठ्ठी माझ्या हातात दिलीस. मी हसलो. म्हणालो, “आता गव्हावर आलं का? गेल्या महिन्यात दुधावर होतं.” त्या संध्याकाळी आपलं तुझ्या दुखण्यावरून वाजलंही. तू शाळेला महिन्यातली सहावी सुट्टी टाकलीस आणि मी म्हणालो, की तुझं पोट बरोबर परीक्षेच्या आठवड्यातच कसं दुखतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून मी तुझं रक्त घेतलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. पहिल्यांदा शीर मिळाली नाही. दुसऱ्यांदा टोचलं. तू पांढरीफटक पडलीस, पण हात हलवला नाहीस. म्हणालीस, “तुम्ही घेताय म्हणून बसले हो.”

लॅबमध्ये नळी सेंट्रिफ्यूजमध्ये लावली. गरागरा फिरवून रक्तातलं पाणी वेगळं काढायचं ते यंत्र, तुला एकदा दाखवलं होतं. मी नळी नीट तोलून लावली नाही. गप्पा मारत होतो. ती आत फुटली. तुझं रक्त यंत्राच्या भांड्यात उडालं आणि मी ते फडक्यानं पुसून काढलं.

एवढंच झालं असतं तर ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. घरी येऊन सांगायचं, की बाई, पुन्हा हात पुढे कर. पण तुला पुन्हा टोचायचं, तू पुन्हा पांढरी पडणार, वर माझ्या धांदरटपणाची कबुली. आणि आदल्या दिवशी मी इतकं ताडताड बोललो होतो. शिवाय माझी खात्री होती. शपथेवर सांगतो, मला शंभर टक्के खात्री होती की तुला काही झालेलं नाही. जे नाहीच ते शोधायला दोनदा कशाला टोचायचं? असा विचार मी केला. वीसच्या आत आकडा असला की नॉर्मल. मी चार पॉइंट दोन लिहिलं. नुसतं चार लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं, म्हणून वर पॉइंट दोन. लॅबच्या डॉक्टरसाहेबांच्या सहीसाठी बारा रिपोर्ट होते, त्यांच्या मधोमध तुझा सरकवला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

संध्याकाळी मी तो तुझ्यासमोर धरला. तू चष्मा लावून वाचलास. मला वाटलं होतं तू चिडशील. तू म्हणालीस, “म्हणजे मनाचंच आहे तर.” आणि मग म्हणालीस, “माफ करा हं, तुम्हाला उगाच त्रास दिला.”

त्या दिवशी सांगितलं असतं तर संपलं असतं. मी सांगितलं नाही.

त्यानंतर जो जो डॉक्टर आला त्यानं फाइल उघडली, तो कागद पाहिला आणि पान उलटलं. एकानं झोपेच्या गोळ्या दिल्या. एकानं फिरायला जा म्हणून सांगितलं. अकरा वर्षांत कुणी गव्हाचं नाव काढलं नाही, कारण ते दार मी बंद करून बसलो होतो. तुला रोज सकाळी मीच ब्रेड कापून द्यायचो.

आणि शाळा. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं, हे तुला माहीत आहे. त्यांच्या खोलीत काय झालं ते माहीत नाही. त्या म्हणाल्या, “बाईंच्या सुट्ट्या फार होतात. पालक तक्रार करतात. नक्की आजार काय आहे? असेल तर तसं सांगा, मी वर लिहिते, सांभाळून घेऊ.” मी खिशातून तोच रिपोर्ट काढला. जाताना बरोबर नेला होता. म्हणालो, “आजार काही नाही हो. मनाचं आहे. थोडी हळवी आहे.” पुढच्या महिन्यात त्यांनी तुझा पहिलीचा वर्ग काढून घेतला आणि तुला दप्तराच्या खोलीत कारकुनीला बसवलं. वर्षभरानं तू राजीनामा दिलास. मी म्हणालो, “बरं झालं, आता आराम कर.”

तू दुखत असताना माझी माफी मागायचीस. ‘माफ करा हं, आज स्वयंपाक नाही झाला.’ ‘माफ करा हं, लग्नाला नाही येववत.’ मी ‘असू दे’ म्हणायचो. मोठेपणानं म्हणायचो. मला तेव्हा स्वतःचं कौतुकही वाटायचं, की मी किती सांभाळून घेतो.

गेल्या नोव्हेंबरात तू लेकीच्या दारात चक्कर येऊन पडलीस आणि तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवसांत शोधून काढलं. लेकीनं फोनवर सांगितलं, “बाबा, सीलियाक निघालं, आकडा दोनशेच्या वर आहे.” मी म्हटलं, “असं का.” फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. तेव्हापासून आजपर्यंत रोज ठरवलं की सांगायचं. सांगण्याऐवजी मी मशीन मागवलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, ‘करून घ्यावी, फार दुखत नाही.’ तुझ्या हाडात सुई जाऊ द्यायला मी तयार झालो होतो, माझी अब्रू वाचावी म्हणून. आणि वह्या रद्दीत गेल्या असणार हेही खोटंच. लॅब बंद झाली तेव्हा त्या वर्षाची वही मीच घरी आणली होती. ती कपाटात आहे. तुझ्या नावापुढे आकडा आहे, पण त्या तारखेला तपासणीचा संच उघडल्याची नोंदच नाही. कुणीही पाहिलं असतं तर समजलं असतं.

काल काय झालं ते सांगतो. नववा ब्रेड उत्तम निघाला. वर गोल, मधे कुठे दबलेला नाही. गार होत होता तेवढ्यात घड्याळजींची बायको तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन वर आली, मुद्दाम दाखवायला. म्हणाली, “बघा, बायकोसाठी या वयात शिकले. गव्हाचा कण ठेवला नाही घरात. आमच्याकडचं साधं भांडंही घरात घेत नाहीत.” एक जण म्हणाली, “वहिनी नशीबवान आहेत हो.” मी हातात ब्रेड घेऊन उभा. तिघी माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी म्हटलं, “नाही हो, तसं काही नाही.” त्यांना वाटलं, नम्र आहेत. आणखीच कौतुक केलं. मी ब्रेड परत जाळीवर ठेवला. त्या गेल्यावर तो ब्रेड मला कापवेना.

सकाळी दवाखाना उघडताच फोन लावला. डॉक्टर आधी घाईत होते. मी म्हटलं, “अकरा वर्षांपूर्वीचा तो रिपोर्ट धरू नका. तपासणी झालेलीच नव्हती.”

“म्हणजे? रिपोर्टवर आकडा आहे. चार पॉइंट दोन.”

“तो मी लिहिला.”

“कशावरून लिहिला?”

“कशावरूनच नाही.”

मग म्हणाले, “तुम्ही पेशंटचे कोण?”

“नवरा.”

“त्यांना हे माहीत आहे?”

“आज सांगतो आहे.”

ते मला काही वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, “मग कोडं राहत नाही. आजार तेव्हाही असणार, कदाचित त्याच्याही आधीपासून. हाडांचं, रक्ताचं, सगळं त्यानंच झालं म्हणायला हरकत नाही. हाडाची तपासणी थांबवतो, चार महिने पथ्यावर ठेवून बघू.” आणि फोन ठेवताना म्हणाले, “त्या मला नेहमी सांगतात, माझ्या मिस्टरांनी स्वतः तपासलं होतं.”

आणखी काय लिहू? सुटका व्हावी म्हणून हे लिहीत नाही. सुटकेचं म्हणशील तर न सांगण्यातच ती होती, अकरा वर्षं आरामात होती.

लेकीलाही वाचायला दे. तिच्यापासून लपवायचं ओझं तुझ्यावर नको.

तुझा

---

२२ मार्च

प्रिय,

नमस्कार. तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं होतं तरी तासभर उघडलं नाही.

लेकीचा फोन या पंचवीस दिवसांत एकदाच आला. म्हणाली, “बाबा, आईनं पत्र वाचलं. मी तुम्हाला काही म्हणणार नाही. मला जे म्हणायचंय ते फार वाईट आहे. काय म्हणायचं ते आई ठरवेल.” मी ‘हं’ म्हणालो. मग तीच म्हणाली, “आई त्या दिवशी रडली नाही. जेवायला बसली, जेवली, आणि मग मला विचारलं, ‘म्हणजे मला खरंच दुखत होतं ना?’ मी हो म्हटलं. तर म्हणे, ‘मला वाटायचं, मी ढोंगी आहे. मला स्वतःलाच वाटायचं.’ एवढं ऐका आणि ठेवा.” आणि तिनंच ठेवला.

ते वाक्य घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेलो.

तू सांगितलं नव्हतंस, मी आपणहून गेलो. त्या आता बहिणीकडे राहतात, तळमजल्यावर, काठी घेऊन चालतात. मला ओळखलं. बसवलं, चहा दिला, तुझी चौकशी केली. मी रिपोर्टचं सांगितलं, त्यांच्या खोलीतलं सांगितलं. मला वाटलं होतं त्या मला हाकलून देतील आणि मी खाली मान घालून निघून येईन. तसं झालं नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “मी तिला शिक्षकांच्या सभेत काय बोलले होते, माहीत आहे तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं.

“मी म्हणाले होते, ज्यांना मुलांपेक्षा स्वतःच्या पोटाचं कौतुक आहे त्यांनी घरी बसावं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं. ती उठून गेलीसुद्धा नाही. शेवटपर्यंत बसली.” मग म्हणाल्या, “तुम्ही तिला तर बुडवलंतच, पण मलाही तुमच्या खोट्यात भागीदार करून घेतलंत. आता या वयात मी हे कुठे नेऊन टाकू?”

मला आजवर वाटत होतं, माझं पाप माझ्यापुरतं आहे. तू घरी येऊन त्या सभेबद्दल कधी बोलली नाहीस. सांगणार तरी कुणाला? मीच तर तुझ्याविरुद्धचा पुरावा देऊन आलो होतो. त्या तुला लिहिणार आहेत. पत्ता मागितला, मी दिला. चुकलं असेल तर सांग.

घड्याळजींना आणि त्यांच्या बायकोलाही सांगितलं. कौतुक सहन होईना. ते म्हणाले, “अरे बापरे.” तेव्हापासून जिन्यात भेटलो की दोघं घड्याळात बघतात. घड्याळजीच ते, त्यांना शोभतं.

आता तुझं पत्र. सहा ओळी आहेत. सुई रद्द झाली. गोळ्या बदलल्या. वजन दीड किलोनं वाढलं. लेकीनं तुझ्यासाठी मशीन घेतलं आहे, ब्रेडचं प्रमाण कळवावं. घरी कधी येईन ते आत्ता सांगता येत नाही. पावसाळ्याआधी गच्चीकडच्या भिंतीची ओल बघून घ्यावी.

प्रमाण असं: तांदळाचं पीठ दोनशे वीस ग्रॅम, बटाट्याचा स्टार्च शंभर, मक्याचा ऐंशी, इसबगोल अठरा, साखर पंधरा, मीठ आठ, यीस्ट सात. पातळ सामान आधी डब्यात घालायचं: कोमट पाणी तीनशे साठ ग्रॅम, दोन अंडी, तेल चाळीस ग्रॅम, एक चमचा व्हिनेगर. इसबगोल कोरड्या पिठात नीट कालवून घे, नाहीतर गुठळ्या होतात. एकदाच मळणारं, एकदाच फुगवणारं बटण दाब. पहिली पाच मिनिटं कडा खरवड. मळून झालं की हात ओला करून पातं काढून घे आणि वरचा भाग सपाट कर. भाजून झाला की लगेच डब्यातून काढ, आत ठेवला तर वाफेनं ओला होतो. दीड तास कापू नको. यापुढे तुमच्या मशीनप्रमाणे पाणी दहा-वीस ग्रॅम इकडे-तिकडे करावं लागेल. एक अडचण मला अजून सुटलेली नाही. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो. काप करून फ्रीजरमध्ये ठेवले आणि लागेल तसे भाजून घेतले तर चालतं, पण ताज्याची चव येत नाही. तुला जमलं तर मला कळव.

भिंतीची ओल पाहिली. गवंडी सोमवारी येतो आहे.

एक मागणं आहे, आणि ते नेहमीच्या मागण्याच्या उलट आहे. तुझी सवय मला ठाऊक आहे. चूक कुणाचीही असो, घरात शांतता व्हावी म्हणून तूच पुढे होऊन मिटवून टाकतेस. लेकीशी माझं वाजलं तरी तूच दोघांना सरबत आणून द्यायचीस. या वेळी तसं करू नकोस. मी एकटा आहे, म्हातारा झालो आहे, ब्रेड करायला शिकलो आहे, यातलं काहीही धरू नकोस. राग आला तर येऊ दे. वर्षभर टिकला तर टिकू दे. अकरा वर्षं टिकला तरी मी मोजून ‘फार झालं’ म्हणणार नाही. मला घाईनं माफ करू नकोस. आणि करायचंच नाही असं ठरवलंस, तर तेही शुद्धलेखनाच्या चुका न करता सरळ लिही. मी वाचेन.

तुझ्या पत्राच्या वर ‘अहो’ नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नव्हतं. मी कागद उलटून पाहिला, मागे कुठे लिहिलं आहे का म्हणून.

ते तुला पुन्हा लिहावंसं वाटेपर्यंत मीही खाली ‘तुझा’ लिहीत नाही. जागा रिकामी ठेवतो.